सीएसव्ही : साधेपणाची किंमत कोण मोजतो?



फाइल हाताळणी आणि डेटाबेस या घटकांवरच्या आतापर्यंतच्या टिपणांमध्ये आपण ‘कसे करावे’ हे पाहत आलो. हे टिपण वेगळे आहे. इथे नवी आज्ञावली नाही. तुम्ही पहिल्या वर्षापासून जो फॉरमॅट डोळे मिटून वापरता, त्या सीएसव्हीचे हे परीक्षण आहे. एका संगणक प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत डेटा न्यायचा म्हटले की आपला हात आपोआप सीएसव्हीकडे जातो. तो तिकडे का जातो, जावा का आणि गेल्यावर काय काय गळून पडते, हे आपण तपासू.

१. एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य निधीतून काही रक्कम देण्याचे ठरले. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले आणि अर्जांची सीएसव्ही फाइल कार्यालयात गेली. तिथल्या लिपिकाने ती स्प्रेडशीटमध्ये उघडली. खाते क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांऐवजी ‘ई+१५’ असे काहीतरी दिसत होते. म्हणून त्याने चांगल्या हेतूने त्या रकान्याचे स्वरूप ‘नंबर’ केले, दशांश चिन्हानंतरची शून्ये काढली, फाइल सेव्ह केली आणि बँकेकडे पाठवली. आता क्रमांक पूर्ण आणि नीटनेटके दिसत होते.

चार मुलांचे खाते क्रमांक सोळा आकडी होते. त्यांपैकी तिघांचे पैसे परत आले. चौथीचे व्यवस्थित पोचले, म्हणून सगळ्यांचा संशय फाइलवर न जाता त्या तीन मुलांवर गेला. ‘तुम्हीच नंबर चुकीचा भरला असणार’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यातला एक मुलगा पासबुकाची झेरॉक्स घेऊन तीन वेळा कार्यालयाच्या खिडकीवर येऊन गेला. मेसचे पैसे थकले होते. शेवटी तो माझ्याकडे आला. त्याचा मूळ अर्ज आणि बँकेला गेलेली फाइल शेजारी ठेवल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. स्प्रेडशीट संख्येचे फक्त पहिले पंधरा आकडे जपते आणि सोळाव्या जागी शून्य लिहिते. चौथ्या मुलीच्या खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा मुळातच शून्य होता. तिचे पैसे पोचले ते केवळ योगायोगाने.

या प्रसंगात चोर कोण? लिपिक नाही, त्याने जे दिसले ते सरळ केले. मुले तर नाहीतच. बँकेने आलेल्या क्रमांकावर पैसे पाठवले. तुम्ही म्हणाल, ‘सर, दोष स्प्रेडशीटचा.’ हे उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे टिपण.

२. आधी गुण

परीक्षण करायचे तर आधी बाजू समजून घेतली पाहिजे. सीएसव्ही टिकला तो उगाच नाही. स्वल्पविरामाने विलग केलेली मूल्ये वाचण्याची सोय १९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोर्ट्रान कंपायलरमध्ये आली होती. म्हणजे ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिच्यानंतर आलेले कितीतरी फॉरमॅट आज कुणाला आठवतही नाहीत.

सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि माणसाला वाचता येते. ती तयार करायला लायब्ररी लागत नाही, छापण्याची एक आज्ञा पुरते. ओळीमागून ओळ अशी वाचता येत असल्यामुळे कमी मेमरीच्या यंत्रावरही कितीही मोठी फाइल हाताळता येते. जुन्या फाइलच्या शेवटी नवी ओळ जोडणे हे तर सर्वांत सोपे काम. कोणत्याही कंपनीची मालकी नाही, परवान्याची अट नाही. ग्रामपंचायतीच्या संगणकापासून संशोधन संस्थेच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे चालेल असा दुसरा फॉरमॅट दाखवा म्हटले तर मलाही दाखवता येणार नाही.

पण ‘सगळीकडे चालतो’ याचा अर्थ नीट लावा. फाइल सगळीकडे उघडते, एवढेच त्यातून सिद्ध होते. उघडल्यावर सगळीकडे तिचा एकच अर्थ लागतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. आदानप्रदानासाठी वापरला जाणारा फॉरमॅट हा पाठवणारा आणि घेणारा यांच्यातला करार असतो. सीएसव्ही हा बहुतेक कलमे कोरी सोडलेला करार आहे. कोरी जागा ज्याच्या हातात फाइल जाईल तो आपल्या अंदाजाने भरतो.

३. पहिला आक्षेप : प्रकार सांगत नाही

सीएसव्हीमध्ये सगळे काही मजकूर असते. अमुक रकाना संख्या, तमुक तारीख, तिसरा केवळ ओळखचिन्ह, हे सांगायला त्यात जागाच नाही. त्यामुळे वाचणारा प्रोग्राम अंदाज बांधतो आणि अंदाज बांधताना आपल्याला विचारत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत ओळखीचे उदाहरण घ्या. स्प्रेडशीटच्या कोऱ्या चौकटीत इंग्रजी अंकांत ७/१२ टाइप करा. सातबाराची तारीख झालेली दिसेल. संगणकाची प्रादेशिक मांडणी भारतीय असेल तर ७ डिसेंबर, अमेरिकी असेल तर १२ जुलै. जमिनीच्या गट क्रमांकांची सीएसव्ही यादी उघडली की हेच होते. १२/३ हा पोटहिस्सा तारीख बनतो, पण ११२/३ ची तारीख होऊ शकत नाही म्हणून तो तसाच राहतो. एकाच रकान्यात काही नोंदी तारखा, काही मजकूर. यादी वरवर चाळणाऱ्याला खालच्या ओळी ठीक दिसतात आणि वरच्या निसटतात.

हा गोंधळ केवळ कार्यालयांत होतो असे समजू नका. मानवी जनुकांना मार्च१, सेप्ट२ अशी लघुनावे होती. स्प्रेडशीट त्यांना १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकत असे. २०१६ साली ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली : मार्च१ चे मार्चएफ१ झाले, सेप्ट२ चे सेप्टिन२. ही आपोआप होणारी रूपांतरे थांबवण्याचा पर्याय एक्सेलमध्ये आला तो त्यानंतर, २०२३ मध्ये. म्हणजे आधी जीवशास्त्राने आपली भाषा बदलली, मग सॉफ्टवेअरने आपली सवय.

प्रोग्रामिंग येते म्हणून आपण सुटलो, असेही नाही. पायथनच्या पांडाज लायब्ररीत सीएसव्ही वाचण्याची नेहमीची आज्ञा द्या आणि पुढील गोष्टी तपासा. ००४७ हा हजेरी क्रमांक ४७ होतो. पिनकोडच्या रकान्यात एक जरी चौकट रिकामी असेल तरी पूर्ण रकाना अपूर्णांकात जातो आणि ४११००४ चे ४११००४.० होते. रोमन लिपीतले ‘एनए’ हे नामिबिया देशाचे अधिकृत द्व्यक्षरी चिन्ह आहे, ते ‘मूल्य नाही’ असे धरले जाते. या तिन्ही वेळा प्रोग्राम कोणतीही त्रुटी दाखवत नाही.

आता ‘दोष स्प्रेडशीटचा’ या मुद्द्याकडे परत या. स्प्रेडशीटने अंदाज चुकवला हे खरे. पण अंदाज बांधायची वेळ तिच्यावर आली कशामुळे? फाइलमध्ये ‘हा रकाना मजकूर आहे’ एवढे लिहिलेले असते तर अंदाजाची गरज नव्हती. चुकीचा वाटा दोघांचा आहे : न सांगणाऱ्याचा आणि न विचारणाऱ्याचा.

४. दुसरा आक्षेप : लिपी सांगत नाही

मराठी डेटा हाताळणाऱ्यांच्या दृष्टीने हा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. सीएसव्हीचे नियम २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून ठेवले गेले. तोही बंधनकारक मानक म्हणून नव्हे, माहितीपर म्हणून. त्यात कॅरेक्टर एन्कोडिंग सांगायची सोय आहे, पण ती फाइल नेटवर्कवरून जाताना तिच्यासोबतच्या शीर्षकात. फाइल पेनड्राइव्हवर घेतली की ते शीर्षक मागेच राहते. उरतात त्या निव्वळ बाइट.

याचे दोन परिणाम तुम्ही पाहिले असतील. पहिला : यूटीएफ-८ मधली मराठी नावे असलेली सीएसव्ही विंडोजवर एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की नावांच्या जागी टोपी घातलेली विचित्र रोमन अक्षरे दिसतात. इथे बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावला आहे. फाइल बंद करा आणि एन्कोडिंग सांगून पुन्हा उघडा, नावे परत येतात. दुसरा : तीच नावे साध्या ‘सीएसव्ही’ पर्यायाने सेव्ह केली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. विंडोजच्या जुन्या कोडपेजांमध्ये देवनागरीला जागाच नव्हती. या वेळी बाइटच बदलले. ही फाइल परत जिवंत होत नाही. दिसणे बिघडले आहे की असणे बिघडले आहे, हा फरक परीक्षेत कुणी विचारत नाही, नोकरीत मात्र पहिल्या महिन्यात विचारला जातो.

यावर उपाय म्हणून फाइलच्या आरंभी तीन बाइटची खूण घालतात. ती पाहून एक्सेल यूटीएफ-८ ओळखते. पण तिची अपेक्षा नसलेला दुसरा प्रोग्राम ती पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग समजतो आणि ‘असा रकाना सापडला नाही’ म्हणून थांबतो. रकान्याचे नाव डोळ्यांसमोर दिसत असते, तरी सापडत नाही. विद्यार्थी तासभर स्पेलिंग तपासत बसतात.

त्याहून जुना प्रश्न फॉन्टचा. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात देवनागरी नसतोच. साठवलेले असतात रोमन संकेतांक, देवनागरी असते ती केवळ फॉन्टच्या चित्रांत. सीएसव्ही फॉन्ट वाहून नेत नाही, त्यामुळे अशा फाइलमधून निर्यात केली की अर्थहीन रोमन अक्षरे हाती लागतात. रूपांतर करतानाही सरळ अदलाबदल चालत नाही. अशा फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. भारतीय लिपींसाठीचे इस्की हे मानक १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून स्वीकारले गेले होते. तरीही पुढची अनेक वर्षे आपली कार्यालये फॉन्टच्या चित्रांवरच चालली आणि त्याची थकबाकी आपण आजही फेडतो आहोत.

युनिकोड आल्याने सगळे मिटले, असेही नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातला मराठीचा खास अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग ह. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेसला मात्र ही दोन वेगळी गावे आहेत. युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रिया, जिला आपण एनएफसी म्हणतो, तीही या दोहोंना एक करत नाही. ती ऱ आणि ‘र अधिक नुक्ता’ यांना एक करते, जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही. दोन कार्यालयांच्या याद्या नावावरून जुळवायला गेलात तर कऱ्हाडकर आडनावाच्या व्यक्ती गळू शकतात. हा दोष सीएसव्हीचा एकट्याचा नाही. पण ‘या फाइलमधला मजकूर कोणत्या रूपात आहे’ हे सांगायला त्यात जागा नाही, हा आक्षेप उरतोच.

जागेचा हिशेबही इथेच करून ठेवू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात. ‘लक्ष्मीबाई’ हे नाव कानाला चार अक्षरांचे, पण संकेतांक दहा, म्हणजे बाइट तीस. घेणाऱ्या प्रणालीने नावासाठी वीस बाइटची जागा ठेवली असेल तर नाव अर्ध्यावर तुटते, तेही सातव्या संकेतांकाच्या मधोमध.

५. तिसरा आक्षेप : संपले हे सांगत नाही

माझ्या मते हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो सहसा नसतो.

जेसन फाइल अर्ध्यात तुटली तर शेवटचा कंस मिळत नाही. एक्सएमएल तुटली तर मूळ टॅग बंद होत नाही. दोन्ही ठिकाणी वाचणारा प्रोग्राम थांबतो आणि तक्रार करतो. सीएसव्ही फाइल एखाद्या ओळीच्या शेवटी तुटली, तर उरलेली फाइल पूर्णपणे वैध सीएसव्ही असते. पन्नास हजारांपैकी तीस हजार ओळी आल्या, तरी वाचणाऱ्याला तीस हजारांची संपूर्ण फाइल मिळाल्यासारखेच वाटते.

अशी मूक गळती किती महागात पडते, हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसले. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही स्वरूपात येत होते. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने ते पुढे पाठवण्यासाठी एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरले. एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत असल्याने एका फाइलमध्ये सुमारे १,४०० रुग्णच बसत होते. वरच्या ओळी गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. नव्या एक्सएलएसएक्समध्ये मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. ते वापरले असते तर त्या आठवड्यात बहुधा काही बिघडले नसते. पण उपाय मोठी पिशवी घेणे हा नाही, वस्तू मोजून घेणे हा आहे. किती ओळी पाठवल्या आणि किती पोचल्या, एवढी एक तुलना पुरेशी होती. पाठवणाऱ्याचा आकडा सोबत नेण्याची सोय ना सीएसव्हीत होती, ना त्या कामाच्या पद्धतीत.

६. इतर फॉरमॅटही तपासू

मग सीएसव्ही सोडून द्यावा का? पर्यायांनाही तोच न्याय लावून पाहू.

एक्सएमएल १९९८ मध्ये डब्ल्यू३सीची शिफारस बनली. फाइलच्या पहिल्याच ओळीत एन्कोडिंग सांगता येते आणि स्कीमा लिहून प्रकार बांधता येतात. आपल्याकडे टॅलीमधली माहिती आत-बाहेर करताना अनेकांनी एक्सएमएल पाहिलेली असते. पण फाइल फुगते, आणि माणसाने वाचायची म्हटली तर डोळे थकतात.

जेसनमध्ये संख्या आणि मजकूर यांत फरक आहे आणि खुल्या आदानप्रदानात यूटीएफ-८ सक्तीचे आहे. जीएसटी विवरणपत्रांचे ऑफलाइन साधन जेसन फाइलच तयार करते. पण तारखेसाठी जेसनमध्ये वेगळा प्रकार नाही. संख्येबाबतही सावध राहा. जावास्क्रिप्टमध्ये ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतीलच याची खात्री नसते. ट्विटरचे संदेश क्रमांक एवढे मोठे झाले, तेव्हा तोच क्रमांक मजकूर म्हणून दुसऱ्यांदा पाठवायची वेळ आली होती. आमच्या खाते क्रमांकाची गोष्ट इथे वेगळ्या वेषात भेटते. शिवाय जेसनच्या संख्येत देवनागरी अंक चालत नाहीत. पायथन ‘४२’ ला निमूटपणे बेचाळीस समजते, जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नाही’ म्हणते.

पार्के हा फॉरमॅट २०१३ मध्ये ट्विटर आणि क्लाउडेरा यांनी पुढे आणला. तो रकानेवार साठवतो, स्कीमा फाइलच्या शेवटी ठेवतो, त्यामुळे तुटलेली फाइल वाचलीच जात नाही. विश्लेषणासाठी उत्तम, पण नोटपॅडमध्ये उघडत नाही. कार्यालयातल्या लिपिकाच्या हाती ती देऊन उपयोग नाही.

एसक्यूलाइटची संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावते आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनासाठी शिफारस केलेल्या फॉरमॅटांत तिचे नाव आहे. पण तिथेही पूर्णांकाच्या रकान्यात मजकूर बसू शकतो. काटेकोर तक्त्यांची सोय २०२१ मध्ये आली आणि ती मागावी लागते.

आणि यांपैकी कोणताही फॉरमॅट अर्थाची हमी देत नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत लिहिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले. फाइल पोचली, उघडली, आकडेही अचूक होते. एकक मात्र दोघांच्या मनात वेगळे होते आणि फरक सुमारे ४.४५ पटींचा होता.

म्हणून माझा निष्कर्ष ‘सीएसव्ही टाकून द्या’ असा नाही. सीएसव्ही एकट्याने पाठवू नका, असा आहे. त्याने कोरी सोडलेली कलमे शेजारच्या फाइलमध्ये लिहा. डब्ल्यू३सीने डिसेंबर २०१५ मध्ये नेमकी हीच कल्पना शिफारस म्हणून मांडली : सीएसव्ही जशी आहे तशी ठेवायची आणि तिचे वर्णन सोबतच्या जेसन फाइलमध्ये द्यायचे. ही शिफारस चांगली आहे. तिचा प्रसार मात्र आपल्या शिक्षणात झालेला नाही, आणि त्यात माझ्यासारख्या शिक्षकांचाही वाटा आहे.

७. आमच्या शिकवण्यावर

आम्ही सीएसव्ही कशी शिकवतो? बहुतेक वेळा आयरिसच्या फुलांची माहिती देऊन. १५० ओळी, पाच रकाने, एकही चौकट रिकामी नाही, एकही नाव देवनागरीत नाही. फिशर यांच्या १९३६ च्या निबंधातली ही माहिती वर्गीकरण शिकवायला उत्तम आहे. डेटा स्थलांतर शिकवायला ती निरुपयोगी आहे, कारण तिथे बिघडण्यासारखे काही नाहीच. मग परीक्षेत ‘सीएसव्ही व जेसन यांतील फरक लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न येतो. तो मी स्वतःही काढला आहे. विद्यार्थी पाच मुद्दे लिहितात, पूर्ण गुण मिळवतात आणि पुढच्या वर्षी १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांशिवाय सीएसव्हीत लिहून तिचे तीन रकाने करतात. लाख-हजारांचा स्वल्पविराम आपल्या हिशेबात आहे, पण आपल्या उदाहरणांत नाही. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये स्वल्पविराम दशांश चिन्ह म्हणून वापरतात, म्हणून तिथल्या ‘सीएसव्ही’त विलग करायला बऱ्याचदा अर्धविराम असतो, हेही आम्ही सांगत नाही.

खरी फाइल वर्गात आणली तर तास संपेल आणि घटक संपणार नाही, अशी भीती असते. पण नोकरीत तुमच्या हाती आयरिसची फुले येणार नाहीत. याद्या येतील. त्यांत कुणाचे निवृत्तिवेतन असेल, कुणाचा रक्तगट, कुणाची शिष्यवृत्ती.

८. फाइल पाठवण्यापूर्वी

पुढील पाच गोष्टी सवयीने करा.

(१) मूळ फाइल कधीही उघडून सेव्ह करू नका. तिची प्रत घ्या, प्रतीवर काम करा.

(२) ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही ती संख्या नव्हे. खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल, हजेरी क्रमांक, गट क्रमांक हे मजकूर म्हणूनच वाचा आणि लिहा. स्प्रेडशीटमध्ये डबल-क्लिक न करता आयातीच्या पर्यायातून रकान्याचा प्रकार सांगा.

(३) तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने चार आकडी वर्षासह लिहा.

(४) सोबत वर्णनाची छोटी फाइल द्या : एन्कोडिंग, विलग करणारे चिन्ह, प्रत्येक रकान्याचा प्रकार, एकक आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ.

(५) ओळींची संख्या आणि फाइलचा हॅश वेगळ्या मार्गाने कळवा. घेणाऱ्याने तो जुळवल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये.

स्वाध्याय

१. सोळा आकडी दहा क्रमांकांची सीएसव्ही तयार करा, स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह करा आणि मूळ फाइलशी ओळीने तुलना करा. किती क्रमांक बदलले? न बदललेले का बदलले नाहीत?

२. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप करून त्यांचे संकेतांक छापा. फरक आढळल्यास दोन्ही रूपे एक करणारे फंक्शन लिहा.

३. पाचशे ओळींच्या एकाच माहितीची सीएसव्ही आणि जेसन करा. दोन्ही फाइल मध्यावर तोडा आणि वाचून पाहा. कोणती फाइल तक्रार करते?

४. तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या यादीसाठी मुद्दा (४) मधील वर्णनाची फाइल लिहा. लिहिताना यादी बनवणाऱ्या व्यक्तीला काय काय विचारावे लागले, तेही नोंदवा.

त्या मुलाचे पैसे पुढच्या आठवड्यात जमा झाले. लिपिकाने त्याची क्षमाही मागितली. पण तीन वेळा खिडकीवरून परत जाताना ‘आपणच काहीतरी चुकीचे लिहिले असेल’ असे त्याला वाटत होते, हे त्याने मला नंतर सांगितले. फाइलमधली चूक ओळ क्रमांक सत्तावीसवर होती. तिचा त्रास मात्र त्या ओळीतल्या माणसाला झाला. चौथा स्वाध्याय आधी करा, बाकीचे मागाहून केलेत तरी चालेल.